दारू, गोळी, ग्रीस, टोपी

चारुता स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. सिंकशेजारच्या जाळीवर, धुतलेल्या कपबशांच्या रांगेत, एका रिव्हॉल्व्हरची नळी निथळत होती.

"आत ये, आत ये," फ्रान्सिस म्हणाला. बाह्या कोपरापर्यंत दुमडून तो साबणाच्या कढत पाण्यात लोखंडाचा एक जाड गोल तुकडा बाटली धुवायच्या ब्रशने घासत होता. घरभर सडक्या अंड्यांचा वास सुटला होता. "घाबरू नको. सुटे भाग केले की हे नुसतं लोखंड."

चारुता आदल्या दिवशीच मिरजेहून सातासमुद्रापार वॉलॉंगॉंगला आली होती. युनिमध्ये अकाउंटिंगच्या मास्टर्सला तिला प्रवेश मिळाला होता आणि चर्चच्या बोर्डावरची चिठ्ठी वाचून कोणीतरी तिला तुस्कानोंच्या घराचा पत्ता दिला होता. वसईची माणसे आहेत, मराठी बोलतात, एवढे ऐकून तिच्या आईचा जीव भांड्यात पडला होता. सिंकमध्ये रिव्हॉल्व्हर धुतात हे आईला कळले असते तर?

"अंकल, हे खरं आहे?"

"काका म्हण. इथं सगळे अंकलच म्हणतात, कंटाळा आला." फ्रान्सिसने तो तुकडा उजेडाकडे धरला. त्यात सहा भोके होती. "नक्कल आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन रिव्हॉल्व्हरची, इटलीत बनवलेली. पण नक्कल उडते मात्र खरी."

"आणि हा वास?"

"दारूचा."

चारुताचा चेहरा बघून तो हसला. "बंदुकीच्या दारूचा. कोळसा, गंधक, सोरा. तेलानं जात नाही ती. उकळतं पाणी आणि साबणच लागतो."

मागच्या दाराने त्याची बायको जर्ट्रूड आत आली. "माझा ब्रश घेतलास?"

"तुझा निळा. हा हिरवा."

"तिला चहा तरी विचारलास का?"

"विचारणारच होतो," फ्रान्सिस म्हणाला.

फ्रान्सिस तुस्कानो वसईजवळच्या निर्मळचा. घरी केळीची वाडी होती, पण त्याला मातीपेक्षा पंपाचे इंजिन आवडे. सोळाव्या वर्षी तो मुंबईच्या एका कारखान्यात फिटरच्या हाताखाली लागला. जर्ट्रूडला वॉलॉंगॉंगच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी मिळाली आणि १९८५ साली दोघे इकडे आले. त्याला पोर्ट केम्ब्लाच्या पोलाद कारखान्यात काम मिळाले. बावीस वर्षे तो तिथल्या रोलर्सची बेअरिंग बदलत राहिला. कारखान्यात तो फ्रँक होता. फ्रँक चांगला माणूस आहे, असे सगळे म्हणत आणि शुक्रवारी त्याला न घेता पबमध्ये जात. त्यात वाकडेपणा नव्हता. तो बिअर पीत नसे, फुटबॉलचे त्याला कळत नसे, मग नेऊन करायचे काय?

एकदा कॉलिन नावाच्या त्याच्या जोडीदाराने रुमालात गुंडाळून एक तुटकी स्प्रिंग आणली. त्याच्या जुन्या धर्तीच्या रिव्हॉल्व्हरची होती. फ्रान्सिसने तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत कानशीने घासून तशीच दुसरी करून दिली. ती कशी चालते ते दाखवायला कॉलिन त्याला डोंगरापलीकडच्या पिस्तूल क्लबवर घेऊन गेला. फ्रान्सिस तिथे जो रमला तो रमलाच. परवान्याची परीक्षा, उमेदवारीचे वर्ष, गॅरेजच्या काँक्रीटमध्ये बोल्टने घट्ट बसवलेली लोखंडी तिजोरी, असे सगळे सोपस्कार करून त्याने स्वतःचे रिव्हॉल्व्हर घेतले.

नेम मारण्याची त्याला फारशी हौस नव्हती. त्याला आवडायचा तो त्यातला संथपणा. शेजारच्या बाकावरची नवी पिस्तुले डोळ्याचे पाते लवेपर्यंत रिकामी होत. याच्या सहा गोळ्यांना पाव तास लागे. पितळी मापाने दारू मोजायची, ती सिलिंडरच्या एकेका भोकात, म्हणजे चेंबरमध्ये, ओतायची. वर शिशाची गोळी ठेवून दांडीने दाबायची. सहाही चेंबर भरले की प्रत्येकाच्या तोंडावर ग्रीस लावायचे, नाहीतर एका चेंबरची ठिणगी शेजारच्यात शिरते. मग नेमबाजीच्या ओळीवर उभे राहून, हुकूम झाल्यावरच, मागच्या बाजूला, घोड्याच्या ठोक्याने ठिणगी पाडणाऱ्या तांब्याच्या इवल्या टोप्या बसवायच्या. "दारू, गोळी, ग्रीस, टोपी," तो पुटपुटे. क्लबातल्या गोऱ्या माणसांनाही ते चार शब्द पाठ झाले होते.

जर्ट्रूड एकदाच त्याच्याबरोबर गेली होती. धडाडा बार झाले, पांढरा धूर झाला आणि त्या धुरातून फ्रान्सिस काळ्याकुट्ट नाकाने हसत बाहेर आला. एवढा खुललेला चेहरा तिने लग्नाच्या दिवशीही पाहिला नव्हता. त्यानंतर तिने त्या वस्तूबद्दल कधी तक्रार केली नाही. ब्रश मात्र वेगळा आणला.

फ्रान्सिस निवृत्त झाला, मुलगी शेरिल पॅरामॅटाला सरकारी नोकरीत गेली आणि घर मोठे वाटू लागले. त्याच सुमारास युनिमध्ये भारतातून, चीनमधून पोरांचा लोंढा सुरू झाला. खोल्या मिळेनात. फादरनी चर्चमध्ये मिस्सानंतर विचारले, कोणाकडे जागा आहे का? शेरिलची खोली दिली ती अशी. चारुता त्या खोलीतली चौथी मुलगी, पण मराठी बोलणारी पहिली. ती संध्याकाळी घरी आली की फ्रान्सिस टीव्ही बंद करी.

त्या हिवाळ्यात, म्हणजे इकडच्या जुलैत, कॉलिनचा फोन आला. फ्रान्सिस बागेत असताना त्याने मुद्दाम केला होता.

"गर्ट, फ्रँकने आज एका चेंबरमध्ये दारूच घातली नाही," तो म्हणाला. "नुसती गोळी दाबली. टोपी टप् करून वाजली आणि बस. असं सगळ्यांकडून एकदा होतं. पण त्याच्याकडून आज तिसऱ्यांदा झालं."

"मला बोलला नाही तो."

"तेच ना," कॉलिन म्हणाला. "माझ्याशीही बोलला नाही. त्याला आठवतच नव्हतं."

जर्ट्रूड तीस वर्षे वॉर्डात काम करत होती. तिला कळायचे ते कळले आणि तरी तिने दोन महिने ते कोणाला कळू दिले नाही. मग एके दिवशी चारुता सहज म्हणाली, "काकू, गॅरेजमधल्या तिजोरीला किल्ली तशीच लटकत होती. मी काढून फ्रिजवर ठेवलीय." फ्रान्सिसने पंधरा वर्षांत ती किल्ली कधी कोणाला दिसू दिली नव्हती.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने त्याला कागदावर घड्याळ काढायला सांगितले. फ्रान्सिसने हातानेच इतके नेमके वर्तुळ काढले की ती कौतुकाने बघत राहिली. मग आकडे घालायला सांगितले तेव्हा बाराही आकडे उजव्या अर्ध्यातच संपले. उरलेल्या मोकळ्या जागेकडे तो कितीतरी वेळ पाहत होता.

"घरी काळजी करण्यासारखं काही?" डॉक्टरने जर्ट्रूडला विचारले. "ड्रायव्हिंग? मशिनरी? बंदूक वगैरे?"

फ्रान्सिसने मान वळवून बायकोकडे पाहिले.

"गाडी आता मीच चालवते," जर्ट्रूड म्हणाली आणि पर्सची चेन लावली.

परतताना गाडीत तो म्हणाला, "थँक यू, जर्टी."

"थँक यू नको म्हणू. किल्ली माझ्याकडे राहणार. कॉलिन न्यायला येईल तेव्हाच मिळेल."

"बरं."

"आणि तो म्हणेल ते ऐकायचं."

"ऐकतो," तो म्हणाला. मग गाडी घराशी वळताना, "अजून थोडे रविवार मिळाले तर बरं होईल."

तिने किल्ली युनिफॉर्मच्या खिशात ठेवायला सुरुवात केली. दुसरी किल्ली असेल हे तिच्या मनातही आले नाही. फ्रान्सिसने ती फार वर्षांपूर्वी कारखान्यातल्या मशीनवर स्वतःच कापून घेतली होती, खिळ्यांच्या डब्यात टाकली होती आणि विसरून गेला होता. डोक्याला नसेल, पण हाताला ती जागा आठवत असावी.

ऑक्टोबरातला बुधवार होता. जर्ट्रूड सकाळची शिफ्ट संपवून साडेतीनला घरी आली. स्वयंपाकघरातून चारुताच्या हसण्याचा आवाज येत होता.

टेबलावर वर्तमानपत्र पसरले होते. एका बाजूला चारुता पुस्तके सरकवून पोहे खात बसली होती. समोर फ्रान्सिस. त्याच्या पुढ्यात पितळी माप होते, ग्रीसचा डबा होता आणि त्याच्या हातात रिव्हॉल्व्हर होते.

"काकू, बघा, काका दाखवतायत कसं भरतात ते," चारुता म्हणाली. "किती दिवस म्हणत होते."

जर्ट्रूडने सिलिंडरकडे पाहिले. सहाही चेंबरच्या तोंडाशी ग्रीस होते. मागच्या बाजूला तांब्याच्या टोप्या चमकत होत्या. नळीचे तोंड पोह्यांच्या बशीच्या जरासे वर होते.

वॉर्डात एखाद्याचा श्वास अडकला की ज्या आवाजात ती बोले त्याच आवाजात ती म्हणाली, "चारुता, बाहेरच्या दोरीवरचे कपडे काढून आण."

"अजून ओले असतील काकू, आत्ताच तर..."

"आण म्हटलं ना."

चारुता तिच्याकडे बघून उठली आणि मुकाट्याने मागच्या दाराने गेली. जर्ट्रूड टेबलाला वळसा घालून नवऱ्याच्या बाजूला आली. तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि नळी हळूच विटांच्या भिंतीकडे वळवली.

"फ्रान्सिस, काय करतोस?"

"झालं भरून. ते सांगतील आता, मग उडवतो."

"कोण सांगतील? आपण कुठं आहोत?"

त्याने मान वर केली. गॅस, फ्रिज, फ्रिजवरचे चर्चचे कॅलेंडर, चारुताची अर्धी बशी. एकेक वस्तू पाहत गेला तसतसे त्याच्या तोंडावरचे रक्त उतरत गेले. शेवटी त्याची नजर रिकाम्या खुर्चीवर येऊन थांबली.

"जर्टी," तो अगदी हळू म्हणाला, "हे आता नुसत्या हातानं उतरवता येत नाही गं. भरलं की उडवावंच लागतं."

"टोप्या तर निघतात?"

"निघतात. पण माझ्या हातांचा आता मला भरवसा नाही."

"मग तू सांग. मी काढते."

आणि त्याने सांगितले. त्याच्या आवाजात एकही चूक नव्हती. "घोडा दोन बोटांनी धर. चापाला हात लावू नको. अर्ध्यावर आण, टक् वाजेल. वाजलं? आता सिलिंडर मोकळा फिरतो. पहिली टोपी वर आण. सुरीनं नको, नखानं. ओढू नको, जरा हलव." पहिली टोपी वर्तमानपत्रावर पडली. "फिरव. दुसरी." तिच्या बोटांना त्याचा श्वास लागत होता. लग्नाला चौतीस वर्षे झाली होती. आपल्या कामातले काही त्याने तिला शिकवण्याची ही पहिलीच वेळ होती. सहावी टोपी निघाली तेव्हा दोघेही घामाने भिजले होते.

बाकीचे काम कॉलिनने केले. जर्ट्रूडने फोन केल्यावर तो वीस मिनिटांत आला, सिलिंडर काढून कपडे धुवायच्या खोलीत, लॉन्ड्रीत, घेऊन गेला, पान्याने मागचे स्क्रू सोडवले, गोळ्या बाहेर ढकलल्या आणि काळी दारू नळाखाली धुऊन टाकली. फ्रान्सिस मागच्या अंगणात लिंबाच्या झाडापाशी पाठ करून बसला होता.

"पुढच्या रविवारी मी त्याला ओळीवर उभं करू शकत नाही," कॉलिन हात पुसत म्हणाला. "क्लबला मला सांगावंच लागेल, गर्ट. त्याच्या आधी घरातून कोणी सांगितलं तर बरं."

"मी सांगते," जर्ट्रूड म्हणाली.

चारुता ओल्या कपड्यांची बादली घेऊन लॉन्ड्रीच्या पायरीवर उभी होती. "काकू, ते खरंच, उडेल असं भरलेलं होतं?"

"हो."

ती तिथेच बसली. "मीच म्हटलं, दाखवा म्हणून. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल."

"वाटलंच असेल. तुझी चूक नाही. माझी आहे."

रात्री जेवणाआधी शेरिलला फोनवर सांगितले तेव्हा ती इंग्रजीतच म्हणाली, "मम, यू न्यू? यू न्यू अँड यू लेट हिम?" ठाऊक असून तू त्याला करू दिलंस, हे जर्ट्रूड ताटे मांडताना मनात मराठीत पुन्हा म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरला सगळे सांगितले. आठवड्याने पोलीस येणार असल्याचे कळवण्यात आले. आदल्या संध्याकाळी तिने फ्रान्सिसला समोर बसवले. "उद्या ते न्यायला येतील. मी सांगितलं डॉक्टरला. दुसऱ्या कोणी नाही." त्याने ऐकले, उठला आणि जाऊन गॅरेजचा दिवा लावला. तिने दोन्ही किल्ल्या त्याच्या हातात दिल्या आणि दारात उभी राहिली. तो तासभर रिव्हॉल्व्हर पुसत होता.

सकाळी दोन पोलीस आले, एक पुरुष आणि एक बाई. फ्रान्सिसने इस्त्रीचा शर्ट घातला होता. बाई कागदावरचा रिव्हॉल्व्हरचा नंबर वाचू लागली, तर त्याने तो तिच्या आधी तोंडपाठ म्हणून दाखवला. तिने ताडून पाहिला. बरोबर होता. आज वार कोणता हे त्याने सकाळपासून दोनदा विचारले होते.

"इट्स व्हेरी वेल केप्ट, सर," ती म्हणाली.

"येस," तो म्हणाला आणि सही केली. ते गेल्यावर त्याने रिकामी तिजोरी पुन्हा कुलूप लावून बंद केली.

त्यानंतर अकरा दिवस तो जर्ट्रूडशी बोलला नाही. चारुताशी बोले, कॉलिनशी फोनवर बोले, शेजाऱ्यांच्या कुत्र्याशीही बोले. बायको खोलीत आली की गप्प होई. तिने वाढलेले तो जेवे आणि ताट स्वतः धुऊन ठेवी. जर्ट्रूडने रोग्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, एकदा मारही खाल्ला होता. हे मात्र तिला जड गेले. तरी तिला वाटे, राग धरतोय म्हणजे अजून सगळे लक्षात आहे. राहू दे रागावलेला.

बाराव्या दिवशी सकाळी ती उठली तेव्हा टेबलावर तिच्यासाठी आल्याचा चहा झाकून ठेवलेला होता.

"आज कुठली शिफ्ट, जर्टी?" फ्रान्सिसने विचारले.

ती त्याच्या शेजारी बसली. तिने त्याचा हात हातात घेतला. "फ्रान्सिस, खूप रागावलास ना माझ्यावर?"

"मी? का?" तो तिच्याकडे बघत राहिला. "काय केलंस तू?"

तिने त्याच्या डोळ्यांत पाहिले. तिथे थट्टा नव्हती, मोठेपणाही नव्हता. त्याला खरेच ठाऊक नव्हते.

"काही नाही," ती म्हणाली. चहा घेऊन ती लॉन्ड्रीत गेली आणि नळ सोडून तिथे उभी राहिली. तिला त्याची क्षमा हवी होती. आता ती मागायची कोणाकडे?

पुढच्या रविवारी तो क्लबचे बूट घालून तयार झाला आणि किल्ली मागू लागला. तिने खरे सांगितले. त्याला तो धक्का जसाच्या तसा पुन्हा बसला. तो खाली बसला, पोलीस कधी आले, कोणी बोलावले, सगळे पुन्हा विचारले. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या वेळी कॉलिन दारातच उभा होता. तो म्हणाला, "चल फ्रँक, उशीर होतोय. आज तुझं काम तिकडे आहे." फ्रान्सिस त्याच्याबरोबर निघून गेला आणि संध्याकाळी आनंदात परत आला. तेव्हापासून कॉलिन दर रविवारी येऊ लागला. तिकडे तो काय करतो, हे जर्ट्रूडने विचारले नाही.

पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात चारुताचे शिक्षण संपले. पॅरामॅटाजवळ पेंडल हिलला दोन मैत्रिणींबरोबर जागा मिळाली होती, नोकरीच्या मुलाखती सुरू होत्या. रविवारी दुपारी जर्ट्रूडने तिला स्टेशनवर सोडले. सकाळीच फ्रान्सिसने चारुताच्या डोक्यावर हात ठेवून तिला "शेरिल, फोन कर गं," असे सांगितले होते आणि तिने "करते," म्हटले होते. ट्रेन आली. डब्यात चढताना चारुता वळली. "काकू, मी येत जाईन."

"ये. नाही जमलं तरी चालेल," जर्ट्रूड म्हणाली.

घरी जाऊन करायचे काय? तिने गाडी डोंगराच्या रस्त्याला वळवली.

क्लबवर ती पोचली तेव्हा गोळीबार नुकताच थांबला होता. धूर झाडांकडे सरकत होता. माणसे आपापली हत्यारे बाकावर रिकामी ठेवून मागे झाली होती. कॉलिनने तिला पाहिले आणि कुंपणापाशी आला.

"थांब, तो तिकडे आहे," तो म्हणाला.

दूर, निशाणांच्या रांगेपुढे, फ्रान्सिस एकटा उभा होता. त्याच्या गळ्यात कापडी पिशवी होती. तिच्यातून तो काळ्या कागदाचा चौकोनी तुकडा काढी, त्याला बोटाने खळ लावी, निशाणावरचे गोळीचे भोक शोधी आणि तुकडा त्यावर ठेवून अंगठ्याने दाबून धरी. मधल्या दहाच्या आकड्यावरचे भोक असो की पार कडेचे, प्रत्येकाला सारखाच वेळ. एक निशाण झाले की दोन पावले मागे जाऊन पाही, मग दुसऱ्याकडे वळे.

"घाई करत नाही," जर्ट्रूड म्हणाली.

"नाही करत," कॉलिन म्हणाला. "कोणी करायलाही सांगत नाही."

शेवटचे निशाण संपले. फ्रान्सिसने रांगेवरून एकदा नजर फिरवली, पिशवी नीट केली आणि वाळलेल्या गवतातून परत यायला निघाला. मधेच तो थांबला, डोंगराकडे बघत राहिला, मग पुन्हा चालू लागला. बाकांमागे दहा-बारा माणसे हात मागे बांधून उभी होती. तो ओळीच्या आत येईपर्यंत एकानेही हत्याराला बोट लावले नाही.